शांताक्काचं रीळ

आमचं गाव शिरोळच्या अंगाला, अगदी कृष्णेच्या काठाला, घराच्या मागं ऊस आनि उसाच्या मागं नदी, पर आमच्या आप्पाचं, म्हंजे वडिलांचं, मन शेतात कधी बसलंच न्हाय. त्येचे भाऊ मळ्यात राबायचे आनि ह्यो तंबू घेऊन हिंडायचा. सिनेमाचा तंबू हो, टुरिंगचा. माझं नाव महादेवी. मी आलो-गेलो म्हणतो त्येला हसू नका पावणं, आमच्याकडं बायका पण असंच बोलतात, लिवताना ते नीट करू नका, हाय तसं ऱ्हाऊ द्या.

आमी दोघी भैणी. थोरली शांता, तिला मी शांताक्का म्हणायचो, आनि मी धाकटी. दिवाळी झाली की तंबू निघायचा, बैलगाड्यांवर बांबू, कनाती, पडदा, मशीन, इंजिन, आनि आमची अव्वा, म्हंजे आई, भाकरीची परात मांडीवर घेऊन बसायची. ज्या गावाची जत्रा त्या गावाला आमी, आजऱ्याच्या डोंगरापास्नं ते पार खाली कन्नड मुलखापतोर. पाऊस लागायच्या आत घरी.

आता त्यात दावायचं काय, तर मुके विंग्रजी पिक्चर. तवा शहरात बोलपट चालायचे की, कोल्हापुरात तर स्टुडिओच हुते, पर नवे बोलपट आमच्यासारख्याला कोण देतंय, आप्पानं मुंबैच्या कुठल्याशा गोदामातनं हे जुने मुके पिक्चर आणलेले, अमेरिकेतले, आमच्या जन्माच्या आधीचे. त्यातली माणसं कवाच म्हातारी झाली असतील न्हायतर मेली असतील, पर पडद्यावर आपली पळत्यात, पडत्यात, हसत्यात. काय काय असायचं सांगू तुमास्नी. एक लुकडा हुता, डोळे असे बटाट्यागत, त्यो सारखा पडायचा. एकात माणसं उंच खांबावर चढून नुसती बसायची, का तर बसायचं, तसलं याड आलतं म्हणं तिकडं. एकात तर पोरी इमानाच्या पंखावर उभ्या ऱ्हाऊन नाचायच्या, खाली काय न्हाय, नुसतं आभाळ. लोकं हसायची आनि मी अव्वाच्या पदरात तोंड घालायचो. मला पहिल्यापास्नं भ्याच वाटायचं त्या चित्रांचं. आवाज न्हाय की. माणूस तोंड उघडून वरडतंय आनि आवाज न्हाय, हे बघितलंय का कधी तुमी?

आनि एक मडम हुती. तिचं नाव आप्पाला पण ठावं न्हवतं, सुरवातीची नावं असलेली पट्टी फाटून गेलती. केस मानेपतोर कापलेले, डोक्याला चपटी टोपी, आनि ती काय करायची न्हाय ते इचारा. पुलावरनं चालत्या गाडीवर उडी, घोड्यावरनं नदीत उडी. तिचा एक खेळ हुता तुकड्या-तुकड्याचा, आज एक भाग, उद्या एक भाग, आनि परत्येक भागाच्या शेवटाला ती मरणाच्या दारात. दोरी तुटत आल्याली, खाली दरी, झालं, अंधार. आप्पा पडद्याजवळ काठी घेऊन उभा असायचा, त्यो म्हणायचा, मंडळी, वाचती का मरती, उद्या या. आनि ती मडम न्हायच त्येच्या बोलण्यात, त्यो तिला चंद्राक्का म्हणायचा, पाटलाची लेक करून सोडलीती तिला, बायका रडायच्या तिच्यासाठनं.

पर त्या खेळाचा शेवटचा भागच आमच्याकडं न्हवता. गोदामातनंच आलेला न्हाय. मडमीला गवताच्या खोपटात कोंडत्यात, भाईरनं आग लावत्यात, धूर येतोय, ती दार बडवतीया, आनि संपलं. आप्पा तोंडानं सांगायचा, सुटली बरं का चंद्राक्का, छपरातनं निघाली, लगीन झालं तिचं. लोकं म्हणायची, आप्पा, सांगू नगंस, दाव. मी रात्रभर इचार करायचो, ती अजून आतच हाय. दार बडवत. मला कुणी इचारलं न्हाय आनि मी कुणाला सांगितलं न्हाय.

शांताक्काला मातुर त्या मडमीचं याड लागलं. तिनं एक दिवस मेंढरं कातरायची कातर घेऊन आपले केस मानेपतोर कापले. अव्वानं बदाबदा मारलं, म्हटली, आता तुला कोण करून घेणार गं, बोडक्या डोक्याची. शांताक्का मार खाऊन पण हसत हुती. बांधावरनं बैलगाडीत उडी मारायची, हिरीच्या काठावर पळायची, आनि मला म्हणायची, म्हादे, भ्या वाटलं की डोळं मिटायचं न्हाय, मोठं करायचं. तिला जमायचं. मला कधी जमलं न्हाय.

तर आप्पाच्या डोक्यात आलं, शेवट न्हाय तर आपण करू शेवट. कोल्हापुरातल्या स्टुडिओत त्येच्या वळखीचा एक क्यामेरावाला हुता, त्येच्याकडं उरलेली जुनी फिल्म हुती. त्येला आणलं आमच्या गावाला. शांताक्काला झगा शिवला, अव्वाच्या जुन्या लुगड्याचा, टोपी केली, आनि नदीकाठाला एक खोपाट बांधून त्येला आग लावली आनि शांताक्का त्यातनं पळत भाईर आली. पाठमोरी घ्यायची ठरलेली, तोंड दिसलं तर लोकास्नी कळंल की. मी तिथं हुतो. आग लागल्यावर ती आत किती येळ हुती म्हणता, मला तर जलम गेल्यागत वाटलं, मी वरडायला लागलो, आप्पानं माझ्या तोंडावर हात दाबला, का तर क्यामेरा चालू हाय. आता त्या क्यामेराला कुठं ऐकू येतंय! आनि मग ती भाईर आली. तशीच मळ्याच्या वाटंनं पळत गेली.

त्या साली आमच्या तंबूला जी गर्दी झाली ती तशी कधी झाली न्हवती. शेवट हाय, शेवट हाय, सगळीकडं गवगवा. शांताक्का मशीनजवळ बसून आपलंच रीळ गुंडाळायची.

आता पुढचं सांगतो. सांगायला पायजे, न्हायतर बाकीचं तुमास्नी कळायचं न्हाय.

आजऱ्याकडच्या एका गावची जत्रा. सांजचा खेळ. मशीन पत्र्याच्या खोलीत असायचं, गाडीवरच बसवलेली खोली, एक दार आनि मागच्या अंगाला हवेसाठनं एक बारकी खिडकी. आत रसूलमामा, आमचा मशीनवाला, आनि शांताक्का रिळं गुंडाळायला. मी अव्वासंगट पुढं, बायकांत. पडद्यावर त्यो लुकडा शिडीवर चढत हुता. लोकं हसून लोळत्यात. आनि त्या लुकड्याच्या गालावर एक तपकिरी ठिपका आला. त्यो वाढला. त्येचं तोंड असं मधनं उकलत गेलं, कडंनं काळं, आत पांढरा लख्ख उजेड. आनि लोकं हसायलीत! त्यास्नी वाटलं खेळातलंच हाय. टाळ्या वाजवल्या हो लोकांनी. मी अव्वाकडं बघितलं, अव्वाचं तोंड मी तसलं कधी बघितलं न्हवतं.

ती जुनी फिल्म म्हंजे फिल्म न्हवं पावणं, दारूच ती. फटाक्याची दारू. मशीनमदी अडकली आनि दिव्याच्या झळीनं पेटली. रसूलमामाचे हात भाजले, त्यो वाळूची बारडी आणायला भाईर उडी मारून पळाला, आनि त्येच्या मागं दार आपटलं. आतली झळ एवडी की पत्रा फुगला, वाकला, दार बसलं. मग भाईरनं वढलं तर येईना, आतनं ढकललं तर जाईना. आप्पा वरडतोय दोर कापा, तंबू पाडा, माणसं भाईर काढा. माणसं निघाली. कुणाच्या केसाला धक्का लागला न्हाय. आनि शांताक्का आतनं त्या बारक्या खिडकीतनं रिळांचे डबे भाईर फेकायला लागली, एक, अजून एक. का तर डबे पेटले की सगळं संपलं, हे तिला ठावं. आमाला वाटलं आता ती पण येईल. पर खिडकी बारकी हुती.

आप्पानं पहार घालून पत्रा फाडला. ती भाईर आली ती आपल्या पायानं चालत आली. मला म्हटली, म्हादे, रडू नगंस. दवाखान्यात काही दिवस हुती. मग गेली. मला बघू दिलं न्हाय, माती द्यायला पण नेलं न्हाय, म्हटले ल्हान हाय, भ्येल. न न्हेल्यामुळंच तर मी जास्ती भ्यालो. माझ्यासाठनं ती बरीच वर्सं त्या पत्र्याच्या आतच हुती.

आप्पानं तंबू मोडला. आमी कोल्हापुरात आलो, आप्पा लाकडाच्या वखारीत लागला. पर ते डबे, जे तिनं भाईर फेकले, ते त्येनं टाकले न्हाईत. आपल्या कॉटखाली ठेवले. अव्वा पाया पडायची त्येच्या, म्हणायची, पोरगी खाल्ली त्यांनी, आता आमास्नी खातील, नदीत सोडा. आप्पा म्हणायचा, शांती हाय त्यात. तिचा फोटो सुद्दा न्हवता हो आमच्याकडं. जे काय हुतं ते त्या रिळात, आनि ते बघायचं तर मशीन पायजे, दिवा पायजे, आनि ते कोण करतंय. म्हंजे ती घरात हाय आनि दिसत न्हाय. मी त्येच खोलीत निजायचो. उन्हाळ्यात डब्यांना वास सुटायचा, उग्र, नाकात टोचणारा. मी पडून वास घ्यायचो आनि म्हणायचो, आता पेटतंय. आता पेटतंय.

लगीन झालं. आमचं मालक एस्टीच्या वर्कशॉपात. सासरी पहिल्याच सकाळी चुलीपुढं बसलो आनि काडीच वढता येईना. सासू बघतीया. मालक आले, काडी वढली, चूल पेटवली आनि गेले. त्या दिवसापास्नं ते असेपतोर आमच्या घरची चूल, मग स्टो, मग गॅस, त्यांनीच पेटवला. मित्र हसायचे, बायकोचा आचारी म्हणायचे. त्यांनी मला कधी का म्हणून इचारलं न्हाय. मी आपण होऊन सांगितलं, बसू, माझा ल्योक, पोटात असताना, तवा एवडंच म्हटले, मग मला आधी का सांगितलं न्हाईस, मी माचिस खिशातच ठेवली असती. असला माणूस. मी बिनआगीचं काम धरलं, शिवणाचं, पोलकी शिवली जलमभर.

आप्पा जाताना मला म्हटला, शांतीला संभाळ. मला न्हाय म्हणता आलं न्हाय. डबे माझ्या घरी आले. मालकांनी परसात न्हाणीच्या मागं विटांचा कोनाडा करून दिला आनि मी त्येच्यावर ओली पोती टाकायचो, उन्हाळ्यात सकाळ-दुपार पाणी मारायचो. शेजारणी म्हणायच्या, म्हादेवी तिथं काय वांगी लावलीस का गं. पुराच्या साली पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, उंबऱ्याला लागलं, सगळा गल्लीभर आकांत, आनि मी मनात म्हणत हुतो, ये बाई, अजून थोडं आत ये. आनि लगेच वाटायचं, नगो, शांताक्का भिजंल. असं माझं सगळं. टाकवत न्हाय आनि ठेववत न्हाय.

मालक गेले. बसूचं लगीन झालं, सविता आली सून म्हणून, सोन्यासारखी. त्या दोघास्नी मी काय सांगितलं न्हाय. त्यास्नी वाटायचं आजोबांचं काय तरी भंगार हाय, म्हातारीचा जीव हाय त्यात. भ्या एकट्याचं असलं की माणूस त्येला झाकून ठेवतो.

मग ह्यो उन्हाळा. तुमी बघितलाच की, कोल्हापुरात असलं ऊन कधी असतंय का. एक डबा फुगला. झाकणाच्या कडंनं काय तरी मधागत चिकाट भाईर आलेलं, आनि खाली तपकिरी भुकटी. वास एवडा की सविता म्हणाय लागली, आत्ती, उंदीर मेलाय काय. मी पोती भिजवत ऱ्हायलो. आनि एक दिवस दुपारी मी जरा पडलोतो, तर परसातनं तडतड आवाज, निळा उजेड. उठून बघतो तर बसूनं मागच्या दाराला ग्रील बसवायला वेल्डिंगवाला आणलेला. ठिणग्या उडत्यात, लांब लांब, आनि एक ठिणगी पोत्यावर. पोतं दुपारचं वाळलेलं.

मी कसा पळालो मला ठावं न्हाय. ह्या वयात. मी जाऊन त्या डब्यांवर बसलो, लुगडं पसरून, आनि वरडाय लागलो. वेल्डिंगवाला घाबरला, म्हटला, आजीला भूत लागलं. बसू म्हणतोय, आई उठ, आई काय झालं. मी उठंना. सवितानं काय केलं माहित हाय? तिनं आधी वेल्डिंगची वायर वढून काढली, मग बादली आणून माझ्यासकट डब्यांवर पाणी वतलं, आनि मग माझ्याजवळ खाली वल्यातच बसली, म्हटली, आता सांगा. आनि मी सगळं सांगितलं. बसू ऐकत ऱ्हायला, मग म्हटला, मला मावशी हुती? एवडंच म्हटला आनि भाईर जाऊन उभा ऱ्हायला.

सवितानं फोनवर शोधाशोध केली. अग्निशमनवाले आले, आनि पुण्याहून एक बाई आली, जुन्या फिल्मा राखायचं काम करणारी, तरणीच हुती, पर हात काय शांत. डबे गार जागी, सावलीत, एकेक लांब लांब ठेवून उघडले. कशात नुसती भुकटी. कशात मध. लुकडा गेला, खांबावरची माणसं गेली, इमानावरच्या पोरी गेल्या. ती बाई म्हटली, आजी, ह्यातलं काही काही जगात दुसरीकडं कुठंच नसंल. आनि मला इचित्र वाटलं बघा. जलमभर मी त्यास्नी भ्यालो, आनि आता त्यांच्यासाठनं माझा जीव कासावीस. कोण कुठल्या अमेरिकेच्या बायका-माणसं, शिरोळच्या बाईच्या न्हाणीमागं येऊन संपली.

दोन डबे चांगले निघाले. एक त्या मडमीचा. दुसऱ्यातली पट्टी बाईनं उजेडाला धरली, इतीसं भिंग लावलं, आनि म्हटली, ही पोरगी कोण? मी बघितलं न्हाय. मी म्हटलं, घेऊन जा. आधी घेऊन जा, हितं ठेवू नका.

बाकीचं जाळायचं हुतं. गावाभाईर मोकळ्या माळावर, अग्निशमनवाले म्हटले आमी करतो, तुमी नका येऊ. मी म्हटलं, मी येणार. बसू म्हटला, आई, तुला सोसायचं न्हाय. मी म्हटलं, मला तवा न्हेलं न्हवतं, आता ने. लांब उभं केलं आमास्नी. पेटवलं, आनि काय सांगू, त्यो आगीचा आवाज, फुत्कारच, जसा काय नाग उभा ऱ्हायलाय, पिवळा धूर, त्यात पाणी मारलं तरी इझंना. मी डोळं मिटलं न्हाईत. मोठं काय करता आलं न्हाईत, पर मिटलं न्हाईत. सविताचा हात एवडा दाबला की तिच्या बांगड्या वाकल्या. राख झाली तवा मी तिथंच माळावर रडलो, तिला माती दिल्यासारखं. लई वर्सं ऱ्हायलं हुतं ते.

आनि परवा पुण्याहून सविताच्या फोनवर शांताक्काचं रीळ आलं. बसूनं इचारलं, बघतीस? मी म्हटलं लाव. खोपाट जळतंय, धूर, आनि शांताक्का पळत भाईर येती. तंबूत ती पाठमोरी पळाली की आप्पा तिथंच मशीन थांबवायचा, पर लांब गेल्यावर तिनं मागं वळून बघितलंय. क्यामेराकडं. हसतीया. जीभ दावतीया, बहुतेक मला, मी तिथं रडत उभा हुतो न्हवं का. आप्पानं तो तुकडा कापला असंल असं मला वाटायचं, न्हाय कापला त्येनं. ती पोरच हाय हो अजून. माझ्या नातीएवढी. आनि मी ही अशी. बसू फोन हातात घेऊन परत परत लावत हुता, मावशी, मावशी म्हणत.

आता पुण्याच्या त्या बाईचा फोन आलाय. म्हणती, थेटरात दावणार, मोठ्या पडद्यावर, मडमीचा भाग आनि त्येच्या पाठीमागं आमचा शेवट. मडमीचं नाव त्यास्नी पण सापडलं न्हाय, लई शोधलं, तिकडं अमेरिकेतल्या लोकास्नी पण इचारलं, कुणाला सांगता येईना. मग पडद्यावर फकस्त शांताक्काचं नाव येणार. मला म्हटली, आजी, तुमी यायला पायजे.

जाणार हाय मी. भ्या हाय की, न्हाय कसं, अंधारात बसायचं, पाठीमागं मशीन, भोवती माणसं, आत्तापास्नंच झोप न्हाय. सविताला सांगून ठेवलंय, दाराजवळची खुर्ची बघ, आनि दार उघडं बांधून ठेवा म्हणावं, लागू देऊ नका. तिनं पुण्याच्या बाईला फोन करून तसं सांगितलं पण. तुमी पण या पावणं, लेकरंबाळं घेऊन या. देव तुमचं भलं करो, आमच्या घरचं एवडं ऐकून घेतलंत. आनि तिथं मी अंधारात वरडलो तर घाबरू नका, गप बसा, बघत ऱ्हावा, ती भाईर येती.